मंगळ समुद्र ढवळतो का? ग्रहांच्या कक्षा, महासागर आणि तापीचे खोरे

गिरणाकाठ (चाळीसगाव), धागाकर्ता

मंडळी, २०२४ च्या मार्च महिन्यात सिडनी आणि पॅरिस येथील संशोधकांचा एक शोधनिबंध प्रसिद्ध झाला. मंगळाच्या ओढीमुळे पृथ्वीच्या समुद्रतळाशी प्रचंड भोवरे निर्माण होतात, अशा आशयाच्या बातम्या त्यावरून तयार झाल्या आणि त्या अजूनही व्हॉट्सअ‍ॅपवर फिरताना दिसतात. आपल्याकडे अमळनेरला मंगळ ग्रहाचे मंदिर असल्यामुळे खान्देशात अशा बातमीला पाय फुटणे स्वाभाविक आहे. श्रद्धेच्या प्रश्नात मला शिरायचे नाही. मात्र निबंधात नेमके काय म्हटले आहे आणि ग्रहांच्या कक्षांचा समुद्राशी खरोखर कोणता संबंध आहे, यावर येथे सविस्तर चर्चा व्हावी अशी इच्छा आहे.

प्रथम ओढीचा हिशेब करून टाकू. भरती-ओहोटी घडवणारे बल ओढणाऱ्या गोलाच्या वस्तुमानाच्या प्रमाणात वाढते आणि अंतराच्या घनाच्या प्रमाणात घटते. मंगळाचे वस्तुमान चंद्राच्या जवळजवळ नऊ पट आहे, पण तो पृथ्वीच्या अगदी जवळ आला तरी सुमारे साडेपाच कोटी किलोमीटरांवर, म्हणजे चंद्राच्या सुमारे १४५ पट दूर असतो. १४५ चा घन तीस लाखांच्या घरात जातो. त्यामुळे मंगळाचे भरतीबल चंद्राच्या तुलनेत सुमारे साडेतीन लाख पटींनी क्षीण ठरते. एवढ्याशा बलाने समुद्रतळ ढवळला जाणे शक्य नाही आणि निबंधाच्या लेखकांचेही तसे म्हणणे नाही.

त्यांनी अभ्यास केला तो समुद्रतळावर साचलेल्या गाळाचा, आणि विशेषतः त्या गाळात पडलेल्या खंडांचा. खोल समुद्रात अतिसूक्ष्म जीवांची कवचे आणि चिकणमाती हजारो वर्षे थरावर थर साचत जातात. पण तळालगतचा प्रवाह जोरकस झाला की गाळ बसत नाही, किंवा बसलेला गाळ वाहून जातो, आणि नोंदीत काही काळाची पाने कोरी राहतात. जगभरातील २९३ वेधनविवरांमधून (समुद्रतळात पाडलेल्या खोल छिद्रांमधून) मिळालेल्या, गेल्या साडेसहा कोटी वर्षांच्या नोंदींमधील असे खंड एकत्र मांडल्यावर ते सुमारे २४ लाख वर्षांच्या लयीने कमी-जास्त होत असल्याचे त्यांना आढळले. (आपल्या पायाखालचा काळा पाषाण ज्या लाव्ह्याचा बनला, ते उद्रेक सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीचे आहेत. म्हणजे ही नोंद सुरू होते तेव्हा दख्खनचा लाव्हा नुकताच निवत होता.)

ही २४ लाख वर्षांची लय पृथ्वी आणि मंगळ यांच्या कक्षांच्या परस्परक्रियेतून येते. ग्रहाची लंबवर्तुळाकार कक्षा स्वतःही अवकाशात अतिशय सावकाश फिरत असते. पृथ्वीच्या व मंगळाच्या कक्षांच्या या फिरण्याच्या गतींत थोडासा फरक आहे, आणि त्या फरकाचे एक आवर्तन पूर्ण व्हायला साधारण २४ लाख वर्षे लागतात. त्या काळात पृथ्वीच्या कक्षेचा लांबटपणा, म्हणजे उत्केंद्रता, किती टोकाला जाऊ शकते याची मर्यादा बदलत राहते. शुक्र आणि गुरू यांच्या जोडीतून अशाच प्रकारे ४ लाख ५ हजार वर्षांचे आवर्तन निघते आणि ते या सर्वांत स्थिर मानले जाते. ग्रह कक्षेला ओढतात, कक्षा उन्हाचे वाटप बदलते आणि त्या उन्हाला समुद्र प्रतिसाद देतो. मधल्या दोन पायऱ्या गाळल्या की बातमीतले भोवरे उरतात.

रावेरकर

धागा उत्तम आहे, गिरणाकाठ भाऊ. मी केळीचा शेतकरी आहे, त्यामुळे माझा प्रश्न उन्हा-पावसापुरताच मर्यादित आहे. कक्षा गोल असो की लांबट, सूर्य तोच आणि वर्षही तेवढेच. मग पृथ्वीला वर्षभरात मिळणारी एकूण उष्णता कितीशी बदलणार? आणि ती जवळजवळ तेवढीच राहत असेल, तर हवामान एवढे पालटण्याचे कारण काय?

पांझरा (धुळे)

रावेरकर दादांनी जो प्रश्न विचारला आहे, तोच एकोणिसाव्या शतकात या कल्पनेवरचा सर्वांत मोठा आक्षेप होता. मी भूशास्त्र शिकवते, म्हणून थोडे विस्ताराने लिहिते.

वर्षभराच्या एकूण उष्णतेत पडणारा फरक खरोखरच नगण्य आहे. कक्षा तिच्या कमाल लांबटपणाला, म्हणजे ०.०६ च्या आसपास उत्केंद्रतेला पोहोचली, तरी पूर्ण गोल कक्षेच्या तुलनेत वार्षिक उष्णता ०.२ टक्क्यांनीही वाढत नाही. बदलते ते ऋतूंमधील वाटप. आज पृथ्वी ३ जानेवारीच्या सुमारास सूर्याच्या सर्वांत जवळ, १४ कोटी ७१ लाख किलोमीटरांवर असते आणि ४ जुलैच्या सुमारास सर्वांत दूर, १५ कोटी २१ लाख किलोमीटरांवर जाते. एवढ्या फरकाने या दोन दिवशी मिळणाऱ्या उन्हाच्या तीव्रतेत जवळपास सात टक्क्यांचा फरक पडतो. उत्केंद्रता ०.०६ झाली तर हाच फरक २७ टक्क्यांवर जातो. आता हे जवळचे टोक जानेवारीत येण्याऐवजी जून-जुलैत आले, तर उत्तर गोलार्धाचा उन्हाळा किती प्रखर होईल, याचा अंदाज करता येईल.

जवळचे टोक कोणत्या महिन्यात येणार, हे ठरते ते संपातचलनामुळे. पृथ्वीचा अक्ष सुमारे २६ हजार वर्षांत एक फेरा पूर्ण करतो. त्याच वेळी कक्षाही स्वतः विरुद्ध दिशेने सरकत असल्यामुळे, ऋतूंच्या दृष्टीने हे चक्र सरासरी २१ हजार वर्षांचे होते, आणि गाळाच्या नोंदींत ते १९ हजार व २३ हजार अशा दोन लयींत उमटलेले दिसते. तिसरा घटक अक्षाच्या तिरकेपणाचा. आज तो २३.४४ अंश आहे आणि ४१ हजार वर्षांच्या आवर्तनात तो सुमारे २२.१ ते २४.५ अंशांदरम्यान हेलकावतो. तिरकेपणा वाढला की ध्रुवांकडच्या प्रदेशांना उन्हाळ्यात जास्त ऊन मिळते.

येथे चंद्राचा उल्लेख करायलाच हवा. १९९३ साली जॅक लास्कर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले, की चंद्र नसता तर पृथ्वीचा अक्षही फार मोठ्या पट्ट्यात अनियमित भरकटला असता. मंगळाला मोठा चंद्र नाही, आणि त्याच्या अक्षाचा तिरकेपणा शून्यापासून साठ अंशांपर्यंत भरकटू शकतो असे त्यांचे गणित सांगते. त्याच्या ध्रुवांवरील बर्फाच्या थरांत हवामानाचे असेच चढउतार नोंदलेले असावेत, असे मानले जाते.

ग्लासगोच्या एका संस्थेत पहारेकरी म्हणून नोकरी करता करता ग्रंथालयात बसून स्वतः गणित शिकलेल्या जेम्स क्रॉल यांनी १८६४ पासून ही कल्पना पद्धतशीरपणे मांडली. हिवाळ्यातील उन्हावर त्यांचा भर होता, आणि तो पुढे टिकला नाही. सर्बियाचे मिलुटिन मिलांकोविच यांनी उत्तरेकडील ६५ अक्षांशावरचे उन्हाळ्यातील ऊन निर्णायक मानले, कारण हिवाळ्यात पडलेला बर्फ उन्हाळ्यात वितळला नाही, तरच तो वर्षानुवर्षे साचत जाऊन हिमस्तर बनतो. त्यांचा मुख्य ग्रंथ १९४१ चा आहे. त्याला पुरावा मिळायला मात्र १९७६ साल उजाडले. त्या वर्षी हेज, इंब्री आणि शॅकल्टन यांनी दक्षिण हिंदी महासागरातील गाळाच्या नळकांड्यांमध्ये २३ हजार, ४२ हजार आणि सुमारे १ लाख वर्षांच्या लयी दाखवून दिल्या. पुरावा आपल्याच महासागराच्या तळातून निघाला, याचा आपल्या पाठ्यपुस्तकांत उल्लेख क्वचितच आढळतो.

वाघूर

पांझराताई, स्पष्टीकरण पटले, परंतु एक शंका राहते. आपणच म्हणता त्याप्रमाणे एक लाख वर्षांच्या उत्केंद्रतेचा थेट परिणाम ०.२ टक्क्यांपेक्षाही कमी आहे. असे असताना गेल्या काही लाख वर्षांतील मोठी हिमयुगे नेमकी त्याच लयीत कशी आली? हा मिलांकोविचच्या मांडणीतला दोष मानावा काय?

पांझरा (धुळे)

शंका रास्त आहे. अभ्यासक तिला 'एक लाख वर्षांचा प्रश्न' म्हणूनच ओळखतात. तिच्यात आणखी भर घालते. सुमारे १२ लाख वर्षांपूर्वीपर्यंत हिमयुगे ४१ हजार वर्षांच्या लयीत येत होती. त्यानंतरच्या पाच लाख वर्षांत ती हळूहळू एक लाख वर्षांच्या लयीकडे वळली. ग्रहांच्या कक्षांत त्या काळात तसा कोणताही बदल झालेला नाही. तेव्हा बदल पृथ्वीच्या बाजूनेच झाला असला पाहिजे. कोणी हिमस्तरांखालची मऊ माती खरवडून निघून खाली खडक उघडा पडल्याचे कारण देतात, कोणी कार्बन डायऑक्साइड हळूहळू घटल्याचे. हे अजून मिटलेले नाही.

आखाजीला झोका खेळणाऱ्या मुली हे तत्त्व चांगले जाणतात: झोका स्वतःच्या लयीत जात-येत असताना योग्य क्षणी दिलेला लहानसा रेटाही त्याला उंच नेतो. कक्षा हा तो रेटा आहे. झोका म्हणजे हिमस्तर आणि महासागर. उत्केंद्रता स्वतः फारसे ऊन वाढवत नसली, तरी संपातचलनाचा परिणाम किती तीव्र व्हावा हे तीच ठरवते, कारण कक्षा पूर्ण गोल असेल तर जवळचे टोक कोणत्या महिन्यात येते याला अर्थच उरत नाही.

यात समुद्राचा वाटा सर्वांत मोठा आहे आणि तो नेहमी दुर्लक्षित राहतो. वातावरणात औद्योगिक युगापूर्वी जेवढा कार्बन होता, त्याच्या सुमारे साठ पट कार्बन समुद्राच्या पाण्यात विरघळलेला आहे. हिमयुगात खोल समुद्रातील अभिसरण बदलले, अंटार्क्टिकाभोवती समुद्रबर्फ पसरला आणि तळाच्या पाण्यात कार्बन कोंडून राहिला. अंटार्क्टिकाच्या 'डोम सी' येथील आठ लाख वर्षांच्या बर्फाच्या नोंदीत हिमयुगांतील कार्बन डायऑक्साइड दहा लाख भागांत सुमारे १८० भाग आणि उबदार काळात सुमारे २८० भाग असल्याचे दिसते. उत्तरेत उन्हाळा प्रखर होऊन हिमस्तर वितळू लागले, की त्यांचे गोडे पाणी उत्तर अटलांटिकमध्ये येते, तेथील अभिसरण मंदावते, दक्षिण गोलार्धात उष्णता साठते आणि दक्षिण महासागरातून कोंडलेला कार्बन बाहेर पडतो. त्याच्यामुळे संपूर्ण पृथ्वी तापते. उत्तरेकडच्या उन्हातील बदल दक्षिण गोलार्धात पोहोचतो तो असा, समुद्राच्या मार्गाने.

रावेरकर

मग जळगाव-भुसावळला मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो, त्याचा दोष या चक्रावर टाकता येईल काय? आमच्याकडे काही जण सर्रास तसे सांगतात.

गिरणाकाठ (चाळीसगाव)

टाकता येणार नाही. जवळचे टोक इंग्रजी दिनदर्शिकेत एक दिवस पुढे सरकायला सुमारे ५८ वर्षे लागतात. एका माणसाच्या हयातीत ते दीड दिवसही हलत नाही. शिवाय सध्या ते जानेवारीत येते, म्हणजे उत्तरेचा उन्हाळा कक्षेच्या दृष्टीने सौम्य बाजूला आहे, आणि निव्वळ कक्षेवर सोपवले असते तर गेल्या काही हजार वर्षांप्रमाणे पृथ्वी अत्यंत सावकाश थंडच होत राहिली असती. कार्बन डायऑक्साइड मात्र २८० वरून ४२० च्या पुढे गेला आहे, तोही दोन-अडीच शतकांत. भुसावळ पूर्वीही तापतच असे; त्यात पडलेली अलीकडची भर ग्रहांच्या खात्यावर मांडता येणार नाही.

पाटणादेवी परिसर

चर्चा आपल्या मातीपर्यंत आलीच आहे, म्हणून दोन गोष्टींची नोंद करतो. दोन्ही चाळीसगाव तालुक्यातल्या, एकाच पाटण्याच्या परिसरातल्या आहेत.

पाटणे येथे १९७० च्या दशकात पुरातत्त्वज्ञ एस. ए. साळी यांनी उत्खनन केले, तेव्हा उत्तर पुराश्मयुगाच्या थरांत शहामृगाच्या अंड्याच्या कवचाचे मणी आणि रेघोट्या कोरलेला एक तुकडा सापडला. त्यांचा काळ सुमारे २५ हजार वर्षांपूर्वीचा मानला जातो. अजिंठ्याच्या डोंगररांगेच्या पायथ्याशी त्या काळी शहामृग वावरत होते. शहामृग हा मोकळ्या, कोरड्या गवताळ प्रदेशाचा पक्षी आहे, आणि शेवटच्या हिमयुगाच्या शिखराकडे जाणाऱ्या काळात मान्सून क्षीण झाला होता, हे अरबी समुद्राच्या गाळावरून स्वतंत्रपणे दिसते. दोन्ही पुरावे एकमेकांशी जुळतात.

दुसरी गोष्ट तेथील शिलालेखाची. भास्कराचार्यांचे ग्रंथ शिकवण्यासाठी त्यांचे नातू चंगदेव यांनी मठ स्थापन केल्याची नोंद त्यात आहे, आणि लेख १२०७ च्या सुमाराचा आहे. भास्कराचार्यांनी 'सिद्धान्तशिरोमणी' ११५० साली पूर्ण केला. अयनचलनाची, म्हणजेच संपातचलनाची, चर्चा करताना त्यांनी मुंजाल या पूर्वसूरींचा आधार घेतला आहे. मुंजालांचा आकडा एका कल्पात (४३२ कोटी वर्षांत) १,९९,६६९ फेऱ्यांचा, म्हणजे वर्षाला साधारण ६० विकला (विकला म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग) एवढा येतो. आजचे मोजमाप ५०.३ विकलांचे आहे. दुर्बीण नसलेल्या काळातील हा अंदाज मला थक्क करतो.

त्याच संपातचलनामुळे आपली मकरसंक्रांत १४ जानेवारीला येते, जेव्हा प्रत्यक्ष उत्तरायण २१-२२ डिसेंबरलाच सुरू झालेले असते. सुमारे १७०० वर्षांपूर्वी हे दोन्ही दिवस एकत्र होते. आणखी एक योगायोग असा, की पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ येण्याचा दिवस आणि उत्तरायणारंभाचा दिवस १२४६ च्या सुमारास एक झाले होते, म्हणजे पाटणच्या मठानंतर जेमतेम चाळीस वर्षांनी. उत्तर गोलार्धाच्या उन्हाळ्याला सर्वांत कमी ऊन मिळण्याची कक्षेची स्थिती ती हीच.

वाघूर

अतिशय मोलाची माहिती. यावरून पुढचा प्रश्न सुचतो. हिमयुगाच्या शिखरावर समुद्राची पातळी १२० मीटरांहून अधिक खाली गेली होती असे वाचले आहे. तसे असेल तर तापी तेव्हा समुद्राला कोठे मिळत होती? आणि तापीकाठच्या प्रकाशे, सावळदा येथील ताम्रपाषाणयुगीन वसाहती मान्सून घटल्यामुळे उजाड झाल्या, असे या चक्रांवरून म्हणता येईल काय?

पांझरा (धुळे)

सुमारे २१ हजार वर्षांपूर्वी खंबातचे आखात कोरडे होते. भारताच्या पश्चिम किनाऱ्यालगतचा समुद्रबूड जमिनीचा पट्टा याच भागात सर्वांत रुंद आहे, त्यामुळे मुलताईहून निघालेली तापी आजच्या सुरतेवरून पुढे त्या उघड्या पडलेल्या मैदानात बरीच लांब पश्चिमेकडे वाहत जात असणार. समुद्र वर आला तसे नदीचे ते टोक बुडाले.

खोऱ्याच्या वरच्या भागात मात्र समुद्रापेक्षा पावसाचा प्रभाव अधिक. डेक्कन कॉलेजच्या संशोधकांनी वायव्य दख्खनच्या नद्यांचा अभ्यास करून मांडले, की कोरड्या हिमयुगीन काळात क्षीण झालेल्या नद्यांनी गाळ साचवला आणि पुढे मान्सून बळावल्यावर त्याच नद्यांनी तो गाळ खोल कापला. तापी आज स्वतःच्याच जुन्या गाळात उंच दरडी आणि घळी पाडून वाहते, हे भुसावळपासून शिरपूरपर्यंत कोणालाही पाहता येते. तिच्या बाबतीत भूकवचाच्या हालचालींचाही हात आहे, कारण हे खोरे भ्रंशांनी घडलेले आहे. म्हणून प्रत्येक दरडीचे श्रेय मान्सूनला देऊ नये.

वसाहतींबद्दल मी सावध राहीन. संपातचलनामुळे गेल्या आठ-नऊ हजार वर्षांत उत्तरेच्या उन्हाळ्यातील ऊन घटत गेले, ओमानच्या गुहांतील लवणस्तंभांत मान्सूनची तशी उतरण दिसते आणि लोणारच्या तळ्यातील गाळातही दीर्घ कोरड्या कालखंडांची नोंद आहे. परंतु कक्षेची उतरण हजारो वर्षांची असते आणि गाव उठते ते काही दशकांत. पहिलीवरून दुसरीचे कारण सांगता येत नाही.

गिरणाकाठ (चाळीसगाव)

मान्सून आणि कक्षा यांच्या संबंधात एक वाद अजून जिवंत आहे, तो येथे मांडणे योग्य ठरेल, कारण तो अरबी समुद्रावरूनच सुरू झाला.

१९८१ साली जॉन कुत्सबाख यांनी संगणकीय प्रारूपाने दाखवले, की सुमारे नऊ हजार वर्षांपूर्वी, सूर्याजवळचे टोक उत्तरेच्या उन्हाळ्यात असताना, आशिया व आफ्रिकेचे भूखंड अधिक तापून मान्सून बळावला असला पाहिजे. सहारात तेव्हा तळी आणि गवताळ प्रदेश होते, हे त्याला पोषक ठरले. यानुसार उन्हाळ्यातील ऊन कमाल झाल्यानंतर थोड्याच काळात मान्सूनही कमाल व्हायला हवा. चीनमधील गुहांच्या नोंदींत उशीर दोन-तीन हजार वर्षांचाच दिसतो.

अरबी समुद्राची नोंद निराळे सांगते. नैर्ऋत्य मान्सूनचे वारे जोराचे असले की ओमान किनाऱ्यालगत तळाचे थंड, पोषक पाणी वर येते आणि ठरावीक सूक्ष्मजीवांची संख्या वाढते. त्यांची कवचे मोजून वाऱ्याचा जोर ठरवला जातो. क्लेमेन्स आणि प्रेल यांनी या पद्धतीने काढलेला उशीर सुमारे आठ हजार वर्षांचा होता. त्यांचे स्पष्टीकरण असे, की भारतीय मान्सूनला ऊर्जा केवळ तापलेल्या जमिनीतून मिळत नाही. दक्षिण हिंदी महासागरातून बाष्पाबरोबर येणारी सुप्त उष्णताही तितकीच महत्त्वाची असते आणि तिचे वेळापत्रक दक्षिण गोलार्धाच्या तापमानावर व हिमस्तरांच्या आकारावर अवलंबून असते. विरोधकांचा आक्षेप असा, की वाऱ्याचा जोर आणि पडणारा पाऊस एकच नव्हे, आणि सूक्ष्मजीवांची संख्या वाऱ्याखेरीज समुद्राच्या अंतर्गत अभिसरणानेही बदलते.

माझे मत विरोधकांच्या बाजूकडे झुकते, कारण तापीच्या खोऱ्याला पडणाऱ्या पावसाचा प्रश्न आहे, ओमानजवळच्या वाऱ्याचा नव्हे. मात्र दक्षिण हिंदी महासागराला हिशेबाबाहेर ठेवणे मला मान्य नाही.

वाघूर

मग मंगळाच्या २४ लाख वर्षांच्या लयीला खान्देशच्या दृष्टीने काहीच स्थान नाही काय?

गिरणाकाठ (चाळीसगाव)

खोऱ्यातील गाळाच्या दृष्टीने जवळजवळ नाही. एवढ्या जुन्या काळाची सलग नोंद आपल्याकडे शिल्लक नाही. तिचे खरे महत्त्व ग्रहमालेचा इतिहास शोधण्यात आहे. ग्रहांच्या गती गणिताने मागे नेताना सुमारे सहा कोटी वर्षांपलीकडे उत्तरे भरवशाची राहत नाहीत. सीरिस आणि व्हेस्टा या लघुग्रहांच्या भेटीगाठीसुद्धा हिशेब बिघडवतात. त्यामुळे ऑल्सेन आणि केंट यांनी अमेरिकेतील वीस कोटी वर्षांपूर्वीच्या तळ्यांच्या गाळात हीच मंगळ-पृथ्वी लय शोधली, तेव्हा ती २४ लाखांऐवजी सुमारे साडेसतरा लाख वर्षांची निघाली. शुक्र-गुरूची ४ लाख ५ हजार वर्षांची लय मात्र तेव्हाही तेवढीच होती. म्हणून गाळाचे वय मोजायला भूशास्त्रज्ञ शुक्र-गुरूचे आवर्तन वापरतात, आणि मंगळाच्या लयीवरून ग्रहमालेच्या जुन्या गणितांपैकी कोणते खरे, याची पडताळणी करतात.